ओल कोणाची?

मित्रांनो, मी एक जुना डाग आहे. भिंतीवरचा, ओलीचा. 'जुना' हा शब्द मी जरा अभिमानाने वापरतो, कारण आमच्यात फारसं कोणी जुनं होत नाही. कोणी पुसतं, कोणी खरवडतं, कोणी वरून रंग फासून मोकळं होतं. मला मात्र चांगलं चार वर्षांचं आयुष्य लाभलं. त्यात माझं स्वतःचं कर्तृत्व थोडं. बरंचसं श्रेय एका भावा-बहिणीच्या भांडणाला जातं, आणि डाग झालो म्हणून काही कृतघ्न व्हायचं कारण नाही.

आधी आमच्या कुळाविषयी सांगतो. ओलीची मुख्य घराणी तीन. पहिलं जमिनीतून वर चढणारं. ते भिंतीच्या पायथ्याशी सुरू होतं, फार तर कमरेपर्यंत पोचतं आणि मागे पांढरा, पिठासारखा खार सोडतं. गिलाव्याला हात लावला की पोपडे हातात येतात. दुसरं घराणं फुटक्या नळातून, गच्चीच्या भेगेतून, बाहेरच्या भिंतीतून येतं. त्याला तपकिरी किनार असते, कागदावर ओला कप ठेवल्यावर उमटते तशी. पाऊस वाढला की ते वाढतं, नळ बंद केला की थांबतं.

तिसरं घराणं आमचं. आम्ही जमिनीतून येत नाही आणि नळातूनही नाही. आम्ही हवेतून येतो. माणसं श्वास सोडतात, स्वयंपाक करतात, गरम पाण्याने आंघोळी करतात, ओले कपडे वाळत घालतात. ती सगळी वाफ घरभर फिरते आणि सगळ्यात गार भिंत सापडली की तिथे टेकते. रोज टेकायला लागली की तिथे काळे ठिपके उठतात. आम्हाला किनार नसते. पेन झटकल्यावर शाई उडावी तसे आम्ही दिसतो, आणि वास बंद पेटीतल्या जुन्या पुस्तकासारखा येतो.

म्हणजे डोळे असलेल्या माणसाला ही घराणी ओळखायला फारसे कष्ट नकोत. माझ्या सुदैवाने आमच्या घरच्यांनी डोळ्यांपेक्षा नातेवाइकांवर भर दिला.

आमचं घर दुमजली. खाली बारक्या आणि त्याची बायको, वर बारक्याची थोरली बहीण. बारक्या हे नाव बहिणीने तो पाळण्यात असताना ठेवलेलं. आता तो पन्नाशीचा आहे आणि खुर्चीत बसताना खुर्ची बोलते, पण नाव सुटलेलं नाही. तो छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम, आणि तो काम घरी आणणाऱ्यांपैकी आहे. ताई इस्पितळात परिचारिका होती, आता निवृत्त. तिला कोणाच्या रागाची भीती वाटत नाही, कारण तिने सगळ्या प्रकारच्या माणसांना इंजेक्शनं दिलेली आहेत.

माझा जन्म एका कपाटामागे झाला. बारक्याने भिंतभर रुंद कपाट आणलं आणि जिथे वर्षभर ऊन लागत नाही, नेमक्या त्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं. सुईसुद्धा मागे जाणार नाही, असं तो कौतुकाने सांगायचा. सुई गेली नाही, तशी हवाही गेली नाही. त्या हिवाळ्यात मी जन्मलो. सुरुवातीला चार-पाच ठिपके होतो, पण तब्येत चांगली होती.

पुढच्या वर्षी बारक्याच्या बायकोने ठेवणीतली चामडी पिशवी काढली, तर तिच्यावर हिरवी लव उगवलेली. कपाट ओढलं गेलं, आणि मी पहिल्यांदा चारचौघांत आलो. बारक्याने चष्मा लावून मला नीट पाहिलं आणि बोट सरळ वर केलं. वरून गळतंय.

वर ताईचं बाथरूम होतं. अगदी डोक्यावर नव्हे, चांगलं दोन हात बाजूला. तो मुद्दा त्याच्या बायकोनेच काढला होता. त्यावर बारक्या म्हणाला की पाणी आपली वाट काढतं. हे वाक्य मी नंतर अनेकदा ऐकलं. त्याला उत्तर नसतं, म्हणून ते फार वापरलं जातं.

ताईने बाथरूमची फरशी उखडून दाखवली. खाली कोरडी रेती निघाली. बारक्याचं म्हणणं पडलं की चुकीच्या जागी उखडलं. ताईने दुसऱ्यांदा उखडली, यावेळी त्याने दाखवलेल्या जागी. पुन्हा कोरडी रेती. मग त्याने निरोप पाठवला की निदान शॉवर बंद ठेव आणि बादलीभर पाण्यात आंघोळ कर. ताईने उलट निरोप पाठवला की आंघोळीला परवानगी मागायची तर ती अर्ज करेल, पण त्यातल्या चुका त्याने तपासू नयेत. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आणि मित्रांनो, तिथून माझे खरे दिवस सुरू झाले. गच्चीवर जायचा जिना ताईच्या दारावरून जातो. बारक्याच्या घरचे कपडे आजवर गच्चीत वाळायचे. आता ताईच्या दारावरून कोण जाणार? म्हणून कपाटाच्या मुठीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली गेली आणि रोजचे धुतलेले कपडे माझ्या खोलीत निथळू लागले. शिवाय आपलं बोलणं वर ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. सकाळी काचा आतून पाझरायच्या. बारक्याची बायको त्या टॉवेलने पुसायची आणि तो ओला टॉवेल त्याच दोरीवर घालायची. एखाद्या लेकराचं कोणी इतकं केलं नसेल. मी कपाटामागून हातभर बाहेर आलो.

मी जसजसा वाढलो, तसतसा ताईचा गुन्हा सिद्ध होत गेला. बारक्या संध्याकाळी चप्पल काढली की आधी मला बघायचा. "बघ, तिने पुन्हा शॉवर सुरू केला," असं बायकोला सांगायचा. मध्ये ताई मैत्रिणीकडे परगावी जाऊन बरेच दिवस राहिली. तेव्हाही मी वाढलोच. तेव्हा तो म्हणाला की नळ उघडा टाकून गेली असेल. एकदा त्याने माझ्यावर महागातला ओलरोधक रंग दिला. महिनाभर मी रंगाखाली विश्रांती घेतली आणि ताजातवाना होऊन बाहेर आलो. बायकोला सकाळच्या शिंका सुरू झाल्या होत्या. त्याही ताईच्या खात्यावर जमा झाल्या.

मग एका सकाळी ताई जिन्यात थांबली आणि कठड्यावरून खाली म्हणाली, "बारक्या, मी वरचा मजला विकतेय. रविवारी माणसं बघायला येतील. त्यांना तरी नीट आंघोळ करू दे."

बारक्या "विकू दे" म्हणाला आणि पुढ्यातलं ताट तसंच सारून उठला. त्या आठवड्यात त्याने एका पुस्तकात मुखपृष्ठावरचीच चूक सोडली. लहानपणी शाळेत जाताना ताईच्या ज्या हाताने त्याचं दप्तर उचललं होतं, तो हात आता घरातून सामान बाहेर काढणार होता, आणि ते थांबवायचं तर आपण चुकलो म्हणावं लागणार होतं. असलं वाक्य त्याने आजवर फक्त दुसऱ्यांच्या समासात लिहिलं होतं.

सुटका झाली ती त्याच्या बायकोमुळे, आणि तीही चुकून. ती माझ्यासाठी रंगाचा नवा डबा आणायला गेली. दुकानदाराने विचारलं, पाणी कुठून येतं? ती म्हणाली, नणंदेकडून. तो म्हणाला, रंग द्यायच्या आधी एक करा. जेवणाच्या डब्यात वापरतात तो फॉइलचा कागद भिंतीवर लावा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवस थांबा. कागद मागून ओला झाला तर पाणी भिंतीतून येतंय. पुढून ओला झाला तर खोलीतल्या हवेतून.

तिला ही कल्पना फार आवडली. आता नणंदेविरुद्ध लेखी नसला तरी चकचकीत पुरावा मिळणार होता. भांडणानंतर ती पहिल्यांदाच वर गेली आणि रीतसर सांगून आली. ताई लगेच तयार झाली. मागून ओला निघाला तर मी तिसऱ्यांदा बाथरूम फोडते, म्हणाली, आणि पुढून निघाला तर? बारक्या जिन्याखाली उभा होता. त्याने खालूनच सांगितलं की तर मी माफी मागेन. मागावी लागणार नाही याची खात्री असल्याने तो हे फार मोकळेपणाने म्हणाला.

कागद त्यानेच लावला, माझ्या बरोबर मधोमध. शनिवारी सकाळी तिघं माझ्यासमोर उभी राहिली. कागदावर पुढच्या बाजूला थेंबच थेंब होते. ताईने बोट फिरवलं तसा एक ओघळ खाली आला. मग बारक्याने चिकटपट्टी सोडवली. मागची बाजू कोरडी ठणठणीत.

"कागद उलटा लागला असेल," बारक्या म्हणाला.

"लावला तुम्हीच," त्याची बायको म्हणाली. तिने एकदा दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं, एकदा बंद खिडकीकडे, आणि हळूच खाली बसली. तिला सगळं एकदम कळलं होतं.

ताईने आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली, "ताप ज्याला असतो ना बारक्या, थर्मामीटर त्याच्याच तोंडात घालतात. शेजारच्या खाटेवरच्याच्या नाही." आणि वर निघून गेली.

माफी ठरली होती, पण तोंडातून निघेना. दिवसभर बारक्या माझ्यासमोर तालीम करत होता. एक वाक्य म्हणायचा, मग त्यातला एक शब्द गाळायचा, मग दुसरा. शेवटी वाक्यात काही उरायचंच नाही. तोवर बायकोने दोरी सोडली, खिडक्या सताड उघडल्या, आणि नाकाला रुमाल बांधून मला पुसायला आली. बारक्याने तिला अडवलं. रविवारपर्यंत राहू दे, म्हणाला. मला वाटलं, जिव्हाळा.

रविवारी दलाल एका जोडप्याला घेऊन आला. ती दोघं जिना चढणार, इतक्यात बारक्या आडवा झाला. आधी खालची भिंत बघून घ्या, म्हणाला, आणि त्यांना थेट माझ्यापाशी आणलं. स्वतः कपाट ओढलं. पाहुणे आले की जो माणूस माझ्यासमोर पाठ करून उभा राहायचा, तोच आज मला हाताने दाखवत होता. या घराला ओल आहे, त्याने सांगितलं. दलाल म्हणाला, पण ही तर खालच्या मजल्यावर आहे. बारक्या म्हणाला, तेच सांगतोय, खरी अडचण खालच्या मजल्याचीच आहे. वर राहाल तर तुमचं बाथरूम दोनदा फोडायला लावतील. तुमच्या आंघोळीचं पाणी मोजतील. परगावी गेलात तरी संशय घेतील.

जोडप्यातल्या बाईंनी घाबरून विचारलं, "खाली राहतं तरी कोण असं?"

"एक नालायक माणूस आहे," बारक्या म्हणाला. "मीच तो."

ताई जिन्यावर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. जोडपं विचार करून सांगतो म्हणालं आणि विचार न करता निघून गेलं. दलालही गेला. दोघं भावंडं जिन्याशी उरली.

"गिऱ्हाईक घालवलंस," ताई म्हणाली.

"हो."

ताईने खोलीत डोकावलं. मग बारक्याच्या बायकोला म्हणाली, "अगं, ते कपडे आण वर. ऊन आहे."

तर मित्रांनो, आता माझी वेळ झाली. बारक्याची बायको हातमोजे घालून, साबणाचं पाणी आणि ओलं फडकं घेऊन आली आहे. कोरडा ब्रश मारायचा नाही, नाहीतर बुरशी घरभर उडते, हे ताईने शेजारी उभं राहून सांगितलं आहे. भिंत पुरती वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही, हेही बारक्याला बजावलं आहे. कपाट आता भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे आहे. भांड्यांवर झाकणं आली आहेत, आंघोळीनंतर झरोका उघडतो आहे, आणि माझ्या खोलीतून खरोखरीचा वारा वाहतो आहे. उजवीकडचा अर्धा मी गेलोसुद्धा.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात की आमची निगा राखा. माझी विनंती नेमकी उलट आहे. माझी निगा राखू नका. या घरात चार वर्षं तिघांनी मिळून ती फार मनापासून राखली.