यात आधी काय होतं?

मित्रांनो, मी गंजलो आहे, माझ्या बुडाला चार भोकं आहेत आणि मला अजून राग येतो. करडी गावच्या शिवारात एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आडवा पडलेला मी लोखंडी ड्रम आहे.

'ड्रम' हा शब्द इंग्रजीतून आला आणि आपल्याकडे घरचा झाला. लग्नाच्या बँडमध्ये बडवतात तो ड्रम. तुमसरच्या राइस मिलमध्ये पट्ट्यावर गरगरतो तोही ड्रम. सडकेच्या कडेला डांबर वितळवतात तो ड्रमच, आणि तोच कापून छपरावर घातला तर ड्रमाचा पत्रा. रॉकेलाचा, गोडेतेलाचा, पाण्याचा, सगळ्यांचं नाव एक. इंग्रजी शिकलेले सांगतात की कानाच्या पडद्यालाही त्या भाषेत हेच म्हणतात. एका शब्दाने इतकी ओझी वाहिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शब्द माझ्यासारखाच पोकळ असतो. आत काय भरलं आहे ते बघणं हे माणसाचं काम. ते काम माणसांनी केलं नाही.

मी एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात तयार झालो. पोलादी पत्रा वाकवून त्याची शिवण जोडली, वर आणि खाली तबकड्या बसवून कडा दुमडल्या. त्या दुमडीत केसाएवढी फट राहते. ती लक्षात ठेवा. नंतर माझ्यात धानावरची कीड मारण्याचं विष भरलं. अंगावर लाल चौकटीत कवटी आणि दोन हाडं छापली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, इतकं ते चित्र स्पष्ट होतं. तुमसरच्या एका व्यापाऱ्याकडे माझ्यातलं विष मापाने विकलं गेलं. घेणारे आणि देणारे दोघेही त्याला 'औषध' म्हणत.

मी रिकामा झालो आणि १९७८ च्या वैशाखात नत्थू मला बैलगाडीत घालून करडीला घेऊन आला. त्याचे मेहुणे गोमाजी यांच्या मुलीचं, कुंताचं लग्न होतं. विहिरीने तळ गाठला होता. वऱ्हाडाला पुरेल इतकं पाणी तलावावरून आणून साठवायचं होतं.

"भाऊजी, असा दणकट ड्रम भंडाऱ्यातही भेटत नाही," नत्थू माझ्यावर थाप मारून म्हणाला.

त्याने छिन्नीने माझी वरची तबकडी कापली आणि तिचंच झाकण केलं. मला राखेने घासलं, विटेच्या चुऱ्याने घासलं. कवटी शुभकार्यात वाईट दिसते म्हणून तीही विटेने खरवडून काढली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळा राग या एका गोष्टीत आहे. विष तसंच ठेवलं आणि इशारा तेवढा पुसला. मग मला निळा रंग दिला, त्यावर हळदीचे पाच पंजे उमटवले. मी सुंदर दिसत होतो.

राख वरवरचं तेल काढते, दुमडीतलं काढत नाही. पाणी भरल्यावर फटीतलं विष हळूहळू बाहेर आलं. या विषाने पाणी दुधाळ होतं. तसं ते झालंही. पण उन्हाळ्यात तलावाचं पाणी गढूळ असतं म्हणून आमच्याकडे त्यात तुरटी फिरवतात. ती फिरवली होती. पाणी पांढरट दिसलं, ते सगळ्यांनी तुरटीच्या नावावर टाकलं. तुरटी गाळ खाली बसवते. विषाला ती काही करत नाही.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची गाडी मांडवाशी आली. गाडी हाकत होते नवरदेवाचे काका सोमाजी. त्या घरची रीत अशी, की नवरदेवाला ओढून आणणाऱ्या बैलांना माणसांच्या आधी पाणी द्यायचं. नत्थूने माझ्यातून बादली भरली आणि बैलांकडे निघाला. वाटेत गोमाजींची थोरली बहीण उभी होती. सत्यभामाबाई. नवरा गेल्यापासून त्या भावाकडे राहत आणि शेतात खपत. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं.

"काय रे नत्थू, हे पानी दुधावानी काहून दिसते?"

"तुरटीचं आहे ते, बाई."

"अन् वास कायचा येऊन राहिला?"

"नव्या रंगाचा."

"रंगाचा नाही. धानाच्या बांधीत फवारा मारतात, त्याचा आहे. मी निंदाले जातो ना, मले माहीत आहे. काय होतं रे या ड्रमात?"

"काय होतं म्हणजे? ड्रम आहे, ड्रम! आता पानी आहे." नत्थू मोठ्याने हसला. "बाईचं नाक पाहा हो! वऱ्हाड्यायले पानी कायले? बाईचं नाकच हुंगाले देऊ!"

मांडवातले हसले. बादली बैलांपुढे गेली. सत्यभामाबाईंनी माझ्यावर झाकण ठेवलं, पदर खोचला आणि त्या झाकणावर बसल्या.

ऊन चढलं. वऱ्हाड पाणी मागू लागलं. लहान मुलं पेले घेऊन माझ्याभोवती जमली. गोमाजी धावत आले. घामाने त्यांचा नवा सदरा अंगाला चिकटला होता.

"बाई, ऊठ ना. वऱ्हाड दारात आहे."

"पानी सांडून दे, गोमा. तलावावरून दुसरं आन."

"वऱ्हाडासमोर भरला ड्रम सांडू? पोरगी सासरी तोंड कसं दाखवेल? तुझ्या पाया पडतो, बाई."

"पड. मी नाही उठत."

त्यांचं वजन फार नव्हतं. दोन माणसांनी सहज उचललं असतं. नत्थूने एकाला हाक मारलीसुद्धा. तेवढ्यात गाडीपाशी सोमाजी ओरडले. डावा बैल थरथरत होता. मग त्याचे पाय आखडले, तोंडाला फेस आला आणि तो जुवासकट खाली आला. उजव्या बैलाने बादलीला तोंड लावलं नव्हतं. तो साथीदाराकडे पाहत उभा होता.

 मुलांच्या हातातले पेले आयांनी ओढून घेतले. सोमाजी बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने तो मेला.

आता लोक सत्यभामाबाईंचे आभार मानतील, असं मला वाटलं. मी पोलादाचा आहे, मला माणसांची रीत ठाऊक नव्हती. लोक म्हणाले, विधवा बाई शुभकार्यात पाण्यावर बसली, म्हणून बैल गेला. म्हणाले, बाईची जीभच काळी. म्हणाले, ड्रम अपशकुनी. आत काय होतं, हे कोणीही विचारलं नाही. नत्थूनेही व्यापाऱ्याकडे जाऊन विचारलं नाही. मला लोळवत धुऱ्यावर आणून टाकलं. लग्न लागलं. सत्यभामाबाई मात्र पुन्हा कोणाच्या मांडवात दिसल्या नाहीत.

पाचसहा वर्षं मी पावसात भिजलो. निळा रंग उडाला. एके दिवशी साकोलीकडचा एक हॉटेलवाला आला आणि मला वाजवून पाहू लागला. शेजारी नत्थू होता.

"घेऊन जा," नत्थू म्हणाला. "घासलं का झालं. ड्रमच तर आहे."

बांधीत वाकलेल्या सत्यभामाबाईंनी ते ऐकलं.  त्या घरी गेल्या आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आल्या. मला पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी सब्बल उचलून माझ्या बुडावर मारली. एकदा, पुन्हा एकदा. चार भोकं पडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"अवो, चांगला ड्रम खराब केला!" हॉटेलवाला कळवळला.

"आता चांगला झाला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आता ने."

त्याने नेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ ड्रम अजून रंग लावून अंगणात उभे आहेत. आज घरी गेलात की तुमच्या ड्रमापाशी उभे राहा आणि मोठ्या माणसांना विचारा, यात आधी काय होतं? 'ड्रम आहे, ड्रम' एवढंच उत्तर मिळालं, तर झाकण लावा आणि त्यावर बसा. लोक हसतील, चिडतील, पाया पडतील. उठू नका.