पहिल्या तुकडीतली जागा

लहानपणी ती प्रत्येक गोष्टीला ‘का? का?’ विचारून सगळ्यांच्या नाकी नऊ आणायची, म्हणून घरात तिचं नावच ‘काका’ पडलं. जीवशास्त्राची पदवी घेऊन ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तरी ते नाव काही सुटलं नाही. मग एकाच आठवड्यात तिला दोन ठिकाणी वैद्यकीय प्रवेश मिळाला. एक, दादा जिथून डॉक्टर झाला ते जुनं, नावाजलेलं कॉलेज. दुसरा, पदवीधरांसाठी यंदाच सुरू होणारा अभ्यासक्रम. तिथे डॉक्टरकी शिकता शिकता प्रत्येकाने पहिल्या वर्षापासून स्वतःचं संशोधनही करायचं होतं.

आईला जुनं कॉलेज हवं होतं आणि दादाला तर त्यात विचार करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. पहिल्या तुकडीवर नुसते प्रयोग होतात, ना जुन्या प्रश्नपत्रिका, ना सल्ला द्यायला सीनियर, असं तो जेवताना पुन्हा पुन्हा सांगत राहिला. काकाचं मन मात्र नव्याकडेच ओढ घेत होतं. शेवटी दोघा भावंडांनी जाऊन ते नवं ठिकाण प्रत्यक्ष पाहायचं ठरलं. दादाने मुद्दाम सुट्टी काढली. तिची समजूत तिथेच घालायची, असा त्याचा बेत होता.

नवी इमारत जुन्या रुग्णालयाला पाठीमागून जोडलेली होती. आत ताज्या रंगाचा वास येत होता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. दादाने काकाकडे बघून भुवया उंचावल्या. अभ्यासक्रमाच्या प्रमुख मॅडम मूत्रपिंडाच्या डॉक्टर होत्या. दादाने एकेक शंका काढली आणि त्यांनी एकही झटकून टाकली नाही. शिकवणारे डॉक्टर जुन्याच रुग्णालयातले, त्याची काळजी नको, असं त्या म्हणाल्या. वेळापत्रक अजून कच्चं आहे आणि सुरुवातीला गोंधळ उडणार, हेही त्यांनी सरळ कबूल केलं. मग त्यांना वॉर्डची फेरी आठवली आणि या दोघांनाही त्यांनी बरोबर घेतलं.

डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळ एक निवृत्त शिक्षिका होत्या. यंत्राला जोडलेला हात स्थिर ठेवून त्या दुसऱ्या हाताने गुडघा खाजवत होत्या. संध्याकाळ झाली की ही खाज अगदी जीव खाते, अशी त्यांची तक्रार होती.

“संध्याकाळीच का?” काकाच्या तोंडून निघून गेलं. दादाने तिला कोपराने ढोसलं.

मॅडम वळल्या. “मला माहीत नाही. औषध देते, कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. पण संध्याकाळीच का, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. शोधायचंय तुला?”

काका नकळत एक पाऊल पुढे सरकली. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत दादाने एकाही प्राध्यापकाला ‘माहीत नाही’ म्हणताना ऐकलं नव्हतं. मग त्यानेच विचारलं, की डायलिसिस नसेल त्या दिवशीही असंच होतं का. मॅडमनी उत्तर दिलं, त्यातून काकाला नवा प्रश्न सुचला. तिघं बोलत बोलत बाहेर आली आणि कॉरिडॉरमध्ये अशी रंगली, की मॅडमना बोलवायला नर्सला दोनदा यावं लागलं.

गाडीपाशी आल्यावर दादा किल्ली हातात घेऊन उभाच राहिला.

“माझ्याही डोक्यात असं काहीबाही यायचं,” तो म्हणाला. “परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून देत गेलो. मग यायचंच बंद झालं. तू इथेच ये.”

लिफ्टची वाटही न पाहता काका जिने चढत वर गेली आणि धापा टाकतच तिने मॅडमना होकार सांगितला. घरी आई थोडी रुसली. मुलगी डॉक्टर होणार की शास्त्रज्ञ, शेजारी नक्की काय सांगायचं, हा तिच्यापुढे मोठाच पेच होता. चार दिवसांनी ती दोन्ही सांगू लागली.

वर्ग सुरू झाले आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसा गोंधळही उडाला. पहिल्याच सकाळी शिकवणारे एका खोलीत आणि विद्यार्थी दुसऱ्याच खोलीत. सापडेपर्यंत तास संपला. काकाला त्याचंही हसूच येत होतं. दुपारी मोकळा वेळ मिळताच ती डायलिसिसच्या खोलीत गेली. शिक्षिकाबाईंची परवानगी घेऊन ती स्टुलावर बसली, पण इतकं काही विचारायचं होतं, की सुरुवात कुठून करावी तेच तिला कळेना.

बाईंनी चष्मा नीट केला. “घाई नको,” त्या म्हणाल्या. “एका वेळी एकच प्रश्न. हं, विचार.”