धर्माचा रकाना

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन संध्याकाळी सडक अर्जुनीच्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ‘कॅथलिक श्रद्धा, आचरण आणि धर्मस्वातंत्र्य’ या विषयावर व्याख्यानं होती. हॉल म्हणजे हायवेवरच्या ढाब्यामागची पत्र्याची लांब खोली. दारात टेबल टाकून हजेरीवही घेऊन मी बसलो होतो. दारात बसणाऱ्याला व्याख्यान अर्धंच ऐकू येतं, पण माणसं पूर्ण दिसतात.

व्याख्यानं ठरवली खेमराज गुरुजींनी. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या समितीचे अध्यक्ष, आणि स्वतःच्या घरात शिरतानाही दार वाजवणारे. फादर वडिलांच्या आजारपणामुळे जशपूरला गेले होते, त्यामुळे कारभार गुरुजींच्या हाती. धर्मस्वातंत्र्यावर बोलायचं, तर आधी परवानगी घ्यावी म्हणून ते मला घेऊन ठाण्यात गेले. जमादार डबा खात होता.

“अपने हॉल में, अपने लोगों से बात करोगे ना? फिर हमसे क्यों पूछ रहे हो, गुरुजी?”

“तरीपण साहेब, दोन ओळी लिखित मिळाल्या असत्या तर...”

“लिखित में क्या दूँ? कि मुँह खोलने दो?”

परवानगी नाकारली असती तर गुरुजी निवांत घरी गेले असते. परवानगी लागतच नाही, हे ऐकून मात्र त्यांना घाम फुटला. आले ते थेट बॅनरवाल्याकडे. धर्मस्वातंत्र्य उडालं आणि त्या जागी ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ आलं. शिवाय हजेरीवहीत नाव, गाव, सही यांच्यापुढे त्यांनी पट्टीने आखून एक रकाना वाढवला. धर्म.

“उद्या कोणी म्हणालं, बाहेरचे लोक बोलावून बाटवून राहिले, तर दाखवायला असावं,” ते म्हणाले. “आत येणारे सगळे आपलेच. तसं लिहितील. विषय संपला.”

आमच्या माणसांना गुरुजींनी चाळीस वर्षं पाहिलं, ओळखलं मात्र नाही.

पहिली सही त्यांचीच. धर्माच्या रकान्यावर पेन थांबलं. “पेन्शनचं काम अडलं आहे. हे नंतर भरतो,” म्हणाले आणि रकाना कोरा ठेवून आत गेले. दुसरी सही माझी. माझ्या मुलीच्या, टीनाच्या, कॉलेजच्या कागदावर, जातीच्या दाखल्यावर एक धर्म आहे, रविवारी सकाळी दुसरा. मी शहाणपणा केला. गुरुजींच्या कोऱ्या जागेखाली ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं दिली. तिसऱ्या सुलोचनाबाई. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनेत, त्यांचा आवाज हायवेवरचा ट्रकवाला ऐकतो. त्यांनी टिंबं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच टिंबांखाली टिंबं दिली. मग रांगच लागली. रांगेतल्या पीयूषने तेवढं ‘भारतीय’ लिहिलं, तेही मागच्याने खांद्यावरून बघितलं म्हणून खोडून टिंबं दिली. शुक्रवारी त्रेचाळीस माणसं आली आणि एका कोऱ्या जागेखाली बेचाळीस जणांनी टिंबं देऊन ठेवली.

आत नागपूरचे प्राध्यापक हिमांशू फ्रान्सिस सर बोलत होते. माणूस विद्वान, इस्त्री कडक. घटनेचं पंचविसावं कलम त्यांना पाठ. शुक्रवारी शुक्रवारचा उपवास समजावला, मग त्यांना ढाब्यावर नेलं तेव्हा त्यांनी मागवलेलं चिकन मी मोजलेलं नाही. पाहुण्याचं ताट मोजू नये.

शनिवारी शांतीबाई आली. आमच्या चर्चपासून सात किलोमीटरवरच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, राहते. नवरा बकाराम पावसाळ्याआधी वारला, गावच्या तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून पुरला. फादरनेच मिस्सा केली होती. तिने दसऱ्याला थडग्यावर सिमेंटचा क्रूस बसवला, हातभर उंचीचा. तेवढ्यावरून गावातली चार पोरं उठली. सोमवारी तंटामुक्त समितीची बैठक होती आणि क्रूस ठेवायचा की काढायचा ते तिथे ठरणार होतं.

टेबलाशी ती थांबली. “भुपेंद्र बाबू, मले लिवता येत नाही. तू लिव.”

नाव लिहिलं, गाव लिहिलं. धर्माशी येऊन मी टिंबं द्यायला लागलो.

“हे काय करून राहिला?”

“वरच्यासारखंच, मावशी.”

“वरती काय हाय?”

तिने वर बोट नेत नेत गुरुजींच्या कोऱ्या जागेवर नेलं आणि तिथे बोट टेकवलं. “अटी त काहीच नाही. माह्यं कॅथलिक लिव. ठसठशीत लिव.” मी लिहिलं. तिने अंगठा असा दाबला की मागच्या पानावर उमटला.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारा, असं सरांनी तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत शांतीबाई उभी राहिली.

“सर, तुमी म्हनता आपल्याले हक्क हाय. माह्या बुढ्याच्या मातीवर क्रूस हाय, थो सोमवारी काढून राहिले. पाच मानसं संग या. बोलू नका पाहिजे त. नुसते उभे राहा. बकाराम आमचा होता, एवढं म्हना.”

सर खुश झाले. त्यांना उदाहरण मिळालं होतं. “फार मूलभूत प्रश्न आहे, आजी. पंचविसावं कलम व्यक्तीला देतं, सव्विसावं कलम समुदायाला...”

“थे सोमवारी येते काय?”

“कोण?”

“कलम.”

मागून कोणीतरी हसलं. सरांची सोमवारी सकाळची गाडी होती. गुरुजी उठले. “शांतीबाई, हा व्यासपीठाचा विषय नाही. आपण निवेदन देऊ.”

“कधी?”

“समितीच्या बैठकीत ठरवू. पुढच्या महिन्यात.”

“आन क्रूस सोमवारीच काढतीन, गुरुजी.”

मग सुरू झालं. पीयूषचं धान कापायला आलं होतं. सुलोचनाबाईंच्या माहेरी सोमवारी मंडईची जत्रा होती. दंडारीचा खेळ, पाळणे, पाहुणे, सगळं त्यांच्यावाचून अडलं होतं. एकाची कंबर, एकाची सासू. कारणं मी मोजली. माणसं त्रेचाळीस, कारणं एकोणपन्नास. काहींनी दोन-दोन दिली. शेवटी शांतीबाई माझ्याकडे बघून म्हणाली, “तू त येशील.”

“बघतो, मावशी.”

आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. तिला चहा दिला. सरांसोबत फोटोही काढला.

सोमवारी मी गेलो. पण गेलो कसा तेही सांगतो. तलावावर सकाळी मासळी विकतात. हातात पिशवी घेतली, अर्धा किलो रोहू घेतला, आणि पाळीवरच्या आंब्याखाली बैठक होती तिथून वीस पावलांवर उभा राहिलो. कोणी विचारलंच, तर मासळी होती.

समितीचे अध्यक्ष कापगते पाटील. त्यांच्या पणजोबांनी हा तलाव बांधला म्हणतात, आणि पाटील ते रोज म्हणतात.

“शांते, तुह्यं कोनी आलं हाय का?” त्यांनी विचारलं.

शांतीबाईने मान वळवली. मला बघितलं. माझ्या पिशवीला बघितलं. “कोनी नाही आलं, पाटील. थे मच्छी घ्याले आले.”

चार पोरांतला मुन्ना म्हणाला, “पाळीच्या वाटेवर आमच्या देवीचं ठाणं हाय. क्रूस काऊन पाहिजे तटी?”

“काढा,” शांतीबाई म्हणाली. “माही ना नाही. पन बकारामनं अठ्ठावीस उन्हाळे ह्या पाळीवर माती टाकली. थे बी काढा. माह्या अंगनात आनून टाका. मंग क्रूस न्या.”

त्या गावात दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला जातो. न जाणाऱ्याच्या धानाच्या बांधीला पाणी उशिरा सोडतात. पाटलांनी घरून पाळीची वही मागवली. कापडात बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. चष्मा लावून ते पानं उलटत मोठ्याने वाचू लागले. बकाराम, वीस टोपल्या. बकाराम, तीस. ज्या वर्षी त्याचा हात मोडला होता, त्या वर्षी बकारामच्या नावापुढे शांती, वीस टोपल्या.

“पाटील, त्यात धर्म लिहिला हाय का?” मुन्नाने विचारलं.

“मातीचा कायले लिहाव? आमी टोपल्या मोजतो.” पाटलांनी वही मिटली. “ज्याची माती पाळीत हाय, त्याची मूठमाती पाळीवर राहील. वर त्यानं काय लावाव, थे त्याच्या बायकोले इचारा. उठा आता, धान वाट पाहून राहिलं.”

पाच मिनिटं लागली असतील. पंचविसावं कलम कोणाच्या तोंडात आलं नाही, आणि रोहू उन्हात वास मारू लागला.

आठवडा गेला. रविवारी दोन नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस. क्रूस राहिला ही बातमी तोवर सगळ्यांना कळली होती, म्हणून सगळे मोकळे झाले होते. कंबर बरी, सासू बरी, मंडई संपलेली. दोन टेम्पो करून तलावावर गेलो. गुरुजींनी पांढरा सदरा घातला होता. जशपूरला पाठवायच्या अहवालाचं पहिलं वाक्य त्यांनी टेम्पोतच मला ऐकवलं: ‘व्याख्यानमालेचे फळ एका आठवड्यात दिसून आले.’ अहवालाला उपस्थिती लागते, म्हणून वही घ्यायला त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. मेणबत्त्या बेचाळीस होत्या; सुलोचनाबाईंनी शेजारणीच्या मेणबत्तीला हात लावून भागवलं.

शांतीबाई थडग्याशी बसली होती. सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, जणू रोपं मोजते आहे. गुरुजी पिशवीतून सत्काराची शाल काढायला लागले.

“शाल ठेवा,” ती म्हणाली. “भुपेंद्र बाबू, वही आनली का?”

“आणली, मावशी.”

“उघड. थे टिंबाचं पान.”

मी उघडलं. तिने गुरुजींच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, मग त्याखालच्या माझ्या टिंबांवर. “मेनबत्ती मंग लावजा. आंदी हे भरा. माह्या बुढ्यापाशी आलेत ना? कोन आले थे त कळू द्या त्याले.”

गुरुजी तलावाकडे बघू लागले. तलावात बघण्यासारखं काही नव्हतं. पीयूषला फोन आला. वाजला मात्र नव्हता. बेचाळीस मेणबत्त्या हातात, एकही पेटलेली नाही, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. टिंबांची सुरुवात मी केली होती, एवढा हिशेब प्रत्येकाकडे होता.

मी खिशातलं पेन काढलं, कागदावर दोनदा ओढलं.

“मावशी, पेन वाळलं,” मी म्हणालो.

शांतीबाईला लिहिता येत नाही. तिच्या घरात पेन असायचं काही कारण नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि नवं कोरं पेन काढून माझ्या हातात ठेवलं.