उजव्या डोळ्याचे कडे

मित्रांनो, मी दुर्बीण आहे, आणि जुनी आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्याकडून चकाकीची अपेक्षा तुम्ही ठेवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. माझ्या दोन नळ्यांतून दिसणारी दोन चित्रे एकमेकांवर नेमकी बसेपर्यंत एक बाई बारीक स्क्रू पिळत राहिली. मग तिने डोळे चोळले आणि मला पेटीत ठेवले. माझ्या मधोमध एक चाक आहे. ते फिरवले की दूरचे स्पष्ट होते. शिवाय उजव्या डोळ्यापाशी एक अरुंद कडे आहे. माणसाचे दोन डोळे क्वचितच सारखे असतात. तो फरक भरून काढणे हे त्या कड्याचे काम.

मला विकत घेतले ते बिट्टी नावाच्या एका मुलीच्या बाबांनी. ते विजेच्या उंच मनोऱ्यांची पाहणी करत. तारा ज्या चिनीमातीच्या चकत्यांना टांगलेल्या असतात, त्यांना तडा गेला आहे का, हे ते जमिनीवरून माझ्यातून बघत. त्यांचा उजवा डोळा अधू होता. त्यांनी कडे एकदा आपल्यापुरते फिरवून घेतले, ते तसेच राहिले. एकदा आम्हाला केसाएवढा तडा सापडला. वरिष्ठ म्हणाले, "काय डोळे आहेत रे तुझे!" बाबांनी मला थोपटले. मला वाटते, ते माझेही कौतुक होते.

पुढे बाबा आजारी पडले आणि गेले. मी कपाटात गेले. अंधारात दुर्बिणीला दुखत नाही. फक्त भिंगांच्या कडेने बुरशी धरते.

वर्षभराने आत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, जहाजाची सहल ठरवली. "वहिनी, घरात बसून भिंती पाठ झाल्या तुला. आता चल."

आई हो म्हणाली. नाही म्हणायलाही जोर लागतो.

जहाज संध्याकाळी सुटणार होते. सामान सकाळीच बंदरावर दिले आणि दिवसभर शहर बघायचे ठरले. आईने मला बिट्टीच्या गळ्यात अडकवले. "मधलं चाक फिरव हवं तेवढं. या कड्याला मात्र हात लावायचा नाही. ते बाबांनी लावलेलं आहे."

"नाही लावणार," बिट्टी म्हणाली.

घड्याळाचा मनोरा झाला, पूल झाला, संग्रहालय झाले. आईने तिकिटे काढली, पाणी दिले, फोटोत उभी राहिली. सगळे नीट केले. आत्याने काही दाखवले की ती म्हणे, "छान आहे." देवमाशाचा सांगाडा छान, लिफ्टही छान.

"वहिनी, लिफ्ट बंद आहे म्हणून दाखवतेय," आत्या म्हणाली.

"हो का," आई म्हणाली आणि जिना चढू लागली.

खोटे कशाला बोलू? त्या दिवशी मलाही काही वाटत नव्हते. प्रकाश आला, वाकला, निघून गेला.

दुपारी तिघी टेकडीवर आल्या. तिथून बंदर आणि त्यांचे जहाज दिसत होते. बिट्टीने मला डोळ्यांना लावले, तेव्हा आईचे लक्ष गेले. बिट्टीचा उजवा डोळा घट्ट मिटलेला होता.

"डोळा का मिटलास?"

"असंच."

"सकाळपासून असंच बघतेयस?"

बिट्टीने मान हलवली. आईने मला खसकन काढून घेतले आणि तळव्याने तिचा डावा डोळा झाकला. बाबांचा अधू डोळा लेकीत उतरला की काय, ही भीती तिच्या आवाजात होती. दिवसभरात तो आवाज पहिल्यांदाच चढला. "ती पाटी वाच. उजव्या डोळ्याने. खरं सांग, दिसते का?"

"'कठड्यावर बसू नये,'" बिट्टीने घडाघडा वाचले. "आणि आत्या बसलीय."

आत्या टुणकन उतरली.

"मग मिटतेस कशाला?"

"माझा डोळा चांगला आहे गं. यात बाबांचा डोळा आहे. त्यातून मला सगळं पुसट दिसतं. कड्याला हात लावू नको म्हणालीस, म्हणून मी माझाच मिटते."

आईने मला आपल्या डोळ्यांना लावले. याआधी तिने माझ्यातून कधीच पाहिले नव्हते. उजव्या नळीतून जहाजाच्या जागी एक पांढरा डाग होता. ती बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. मग मला बिट्टीच्या हातात देत म्हणाली, "फिरव."

"थांब, थांब!" आत्या पर्स उपसू लागली. "आधी खूण करू. नेलपॉलिशचा एक ठिपका. पुन्हा तिथेच आणता येईल."

"नको. खूण केली, तर रोज तिथेच आणत बसेन मी," आई म्हणाली.

कडे घट्ट बसले होते. करकरले, मग सुटले.

"आई! एक माणूस डेकवरच्या खुर्च्या पुसतोय. आता हळूच एका खुर्चीत बसला. पायसुद्धा पसरले त्याने!"

"बघू."

आईला नीट दिसेना. तिचे डोळे वेगळे.

"मग तू तुझं फिरव ना," बिट्टी म्हणाली.

आईने फिरवले. ती रडली नाही, हसलीही नाही. "दिसला," एवढेच म्हणाली. पण मला लगेच परत दिले नाही.

मित्रांनो, बाबांचे कडे नेमके कुठे लावलेले होते, हे आता मलाही सांगता येणार नाही. ती जागा गेली. माझी भिंगे मऊ कापडाने पुसा, मला दमट कपाटात कोंडू नका, एवढी काळजी मला पुरते. आणि एखाद्या गेलेल्या माणसाची दुर्बीण तुमच्या हाती आली, तर तिच्यासाठी आपला चांगला डोळा मिटू नका. कडे फिरवा. ते फिरण्यासाठीच केलेले असते.