तपासणीच्या दिवशीचा धूर

मी एक जुना बॉयलर आहे, मित्रांनो, पण माझ्या अंगावरची पाटी तसे सांगत नाही. समुद्रापलीकडे तीस वर्षे मी एका कापड कारखान्याला वाफ पुरवली. मग तिथे धुराचे आणि कार्बनचे नियम कडक झाले, मला कुलूप लागले. मी भंगारातच जाणार होतो. पण मालकांनी इकडे गुंतवणूक करायचे ठरवले. मला हिरवा रंग फासला, नवी पाटी ठोकली आणि जहाजात चढवले. इथे लोकांनी टाळ्या वाजवून माझे स्वागत केले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

माझी आग सांभाळायला मिस्त्री आले. त्यांचा माझ्यावर फार जीव. पहिली तपासणी ठरली, तेव्हा त्यांनी दोन दिवस खपून हाताने कोळसा निवडला. ओला, मातकट, चुरा सगळा बाजूला काढला. माझ्या नळ्यांतली काजळी खरवडली.

"पाहुण्यांसमोर माझ्या बॉयलरनं मान खाली घालायची नाही," ते म्हणाले.

तपासनिसांना धूर जेमतेम दिसला. पाच वर्षांचा परवाना मिळाला. चिमणीला धूर गाळणारे यंत्र बसणार होते, तेही मालकांनी रद्द केले. कागदावर धूरच नाही, मग खर्च कशाला? दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच मातकट कोळसा आणि तोच काळा लोट.

कामगारांच्या खोल्या माझ्या पाठीमागेच आहेत. मिस्त्रींची लेक तेव्हा रांगत होती. आता ती सहा वर्षांची आहे आणि एक जिना चढताना खोकत दोनदा खाली बसते. तो खोकला माझा आहे, मित्रांनो. तो ऐकून माझे लोखंड तडकत कसे नाही?

उद्या पुन्हा तपासणी आहे. आज सकाळी मिस्त्री कोळसा निवडायला बसले. त्यांची बायको डबा घेऊन आली आणि ढीग पाहून थबकली.

"या खेपेला नका ना निवडू. दिसू दे त्यांना खरं काय ते. गाळणी तरी बसवतील."

"बसवतील, की गाशा गुंडाळून तिसऱ्याच देशात जातील? चारशे घरं बसतील माझ्या नावानं बोटं मोडत."

"आणि पोरगी?"

मिस्त्रींचे डोळे भरून आले, तरी हात कोळसा निवडतच राहिले.

मित्रांनो, मला रंग नको, कौतुक नको. गाळणी बसवा, नाहीतर मला विझवा. माझा आवाज मिस्त्रींपर्यंत पोहोचत नाही. तुम्ही तरी त्या तपासनिसांना गाठा आणि हाता-पाया पडून सांगा, उद्या येऊ नका. परवा या, न कळवता.