कोपऱ्यातले पाऊल

"घडी घालू नकोस गं त्याला, गुंडाळ. घडीची रेघ एकदा पडली की जात नाही."

मित्रांनो, मला आठवते ते हे पहिले वाक्य. बोलणारी ताई होती आणि ऐकणारी तिची धाकटी बहीण. ज्याची घडी घालायची नव्हती तो मी, राखाडी रंगाचा एक पडदा. आता जुना झालो आहे. फोटो काढताना माणसाच्या पाठीमागे टांगतात ना, तो. तुमच्या डोळ्यांसमोर मी कितीदा तरी आलो असेन, पण तुम्ही माझ्याकडे पाहिले नसेल. माझे कामच तसे आहे.

माझा जन्म एका गच्चीवर झाला. ताई शिवणकाम करायची, धाकटी फोटो काढायची. जाड सुती कापडाचे पट्टे जोडून तिने मला शिवले, आणि ते अशा हाताने की जोड कुठे आहे हे आज मलाही सांगता येणार नाही. टांगण्याची नळी घालण्यासाठी तिने वर नेफा शिवला आणि खालीही अगदी तसाच शिवला. "कुणी कसंही टांगलं तरी अडायला नको," ती म्हणाली. तिचे हे बोलणे लक्षात असू द्या.

मग दोघींनी मला खळ लावली, अंथरले आणि स्पंजाने, जुन्या केरसुणीने रंगवले. मध्ये उजळ, कडेला गडद, पहाटेच्या आभाळासारखे. रंग ओला असतानाच वारा सुटला आणि माझे एक टोक उचलले गेले. ते धरायला ताई धावली. तिचा पाय पांढऱ्या रंगाच्या भांड्यात पडला आणि तोच पाय माझ्या खालच्या कोपऱ्यावर उमटला. बोटे, टाच, मधली कमान, सगळे कसे स्वच्छ.

धाकटी फडके घेऊन आली, तर ताई म्हणाली, "राहू दे. खालच्या कोपऱ्यात कोण बघतंय?" मग दोघी इतक्या हसल्या की तिथेच खाली बसल्या. हसता हसता धाकटी म्हणाली, "याच्यापुढचा पहिला फोटो तुझाच काढणार, ताई. वचन."

"आधी रंग तर वाळू दे," ताई म्हणाली.

रंग वाळला. पण तोवर धाकटीला दूरदर्शनच्या एका कार्यक्रमाचे बोलावणे आले, आणि ती मला गुंडाळून घेऊन गेली.

तो कार्यक्रम रोज संध्याकाळी थेट दाखवला जाई. रोज एक नामांकित पाहुणा. रंगरंगोटी झाली की तो पाहुणा आमच्या छोट्या खोलीत येई, माझ्यापुढे स्टुलावर बसे, आणि धाकटी त्याचा फोटो काढी. कार्यक्रम संपता संपता तोच फोटो टीव्हीच्या पडदाभर दाखवत. थेट कार्यक्रमाला 'थांबा, पुन्हा करू' हे ठाऊकच नसते. जे निघाले ते घरोघर पोचले.

जगाने त्या थोरामोठ्यांचे चेहरे पाहिले, मी त्यांच्या पाठी पाहिल्या. समोरून राजासारखा दिसणारा एक नट होता, त्याचा कोट मागून टाचण्या लावून आवळलेला होता. एका बुजुर्ग गायिकेने शाळेतल्या मुलीसारखी आपलीच बोटे पाठीमागे घट्ट धरून ठेवली होती. चेहरा म्हणाल तर मला एकच दिसे, धाकटीचा.

तिचा एक नेम होता. ती मला रोज स्वतःच्या हाताने टांगी. मग खाली वाकून त्या कोपऱ्यातल्या पावलावर तळहात ठेवी, क्षणभर डोळे मिटी आणि मगच दिवे लावी. कुणी तिला कारण विचारले नाही आणि तिनेही कधी सांगितले नाही.

पाहुण्याला ती 'हसा' म्हणत नसे. हळूच म्हणे, "श्वास सोडा." आणि मित्रांनो, काय सांगू, त्या दोन शब्दांनी समोरचे ताठ खांदे एकदम खाली येत. खोलीत अशी शांतता पसरे, जणू सगळे मिळून एकच स्वप्न पाहत आहेत. दिव्यांचा उजेड माझ्या अंगावर दुधासारखा सांडे. तेवढ्यात कॅमेरा हलकेच टिचकी वाजवी, आणि स्वप्न संपे.

माझे कौतुकही झाले बरे का. या पडद्यापुढे चेहरा आपोआप उजळतो, असे पाहुणे म्हणू लागले. त्यावर मेकअपदादा फुरंगटून म्हणत, मी तासभर घासतो ते काय भांडी आहेत?

आणि ताई? ताईचा फोन येई तेव्हा धाकटी भिंगे पुसत असे, म्हणून फोन बाजूला ठेवून मोठ्या आवाजात लावी. त्यामुळे मलाही सगळे ऐकू येई. या रविवारी तुझा फोटो नक्की, धाकटी म्हणे. रविवारी नेमका कुणीतरी मोठा पाहुणा येई. मला आधी प्रसिद्ध व्हावं लागणार का गं, असे ताई हसत विचारी. पुढे पुढे तिने विचारणे सोडून दिले. ख्यालीखुशाली सांगे आणि फोन ठेवी. धाकटीचा हात मग बराच वेळ एकाच भिंगावर फिरत राही.

एके संध्याकाळी धाकटी मला टांगणार, एवढ्यात ताईच्या लेकीचा फोन आला. आईने सांगू नको म्हटलंय मावशी, पण सांगते, असे म्हणून तिने सांगितले की ताईची नजर अधू होत चालली आहे. समोर जे असेल त्याच्या मधोमध धुके, कडेकडेचे तेवढे दिसते. आणि कडेचे तरी किती दिवस राहील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. जोड दिसू नये म्हणून ज्या डोळ्यांनी मला टाका टाका शिवले, ते डोळे.

धाकटी फोन घेऊन बाहेर गेली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. इकडे पाहुणे वेळेआधी आले. खोलीतल्या कामगारांनी बाईंना मदत म्हणून भल्या मनाने मला टांगून टाकले. दोन्ही टोकांना सारखाच नेफा! त्यांनी मला उलटे टांगले. पाऊल गेले थेट वरच्या कोपऱ्यात.

धाकटी डोळे पुसत धावत आली. तिने कोपऱ्याकडे पाहिले नाही, तळहात ठेवला नाही. तिला फक्त पाहुण्यांचे डोळे दिसले असतील. "श्वास सोडा," ती म्हणाली, पण तिचा स्वतःचा श्वास अडकलेला होता.

आमच्या खोलीत समोरच्या भिंतीवर एक छोटा टीव्ही होता. त्यावर मी स्वतःला पाहिले, मित्रांनो. त्या संध्याकाळचे पाहुणे एक वयोवृद्ध नट होते. त्यांच्या भव्य चेहऱ्यामागे वरच्या कोपऱ्यात एक पांढरे पाऊल. सूत्रसंचालिका गोंधळून हातातले कागद चाळू लागली. नटांनी चष्मा लावला, नीट निरखले आणि म्हणाले, "माझ्या डोक्यावरून कुणीतरी चालत गेलेलं दिसतंय. आमची मंडळीच असणार." सगळे हसले. धाकटी मात्र माझ्यापुढे उभीच्या उभी गार झाली.

पहिला फोन ताईचा आला.

"अगं, मी टीव्हीला नाक लावून बसले होते," ती म्हणाली. "मधला माणूस काही दिसला नाही मला. पण कोपऱ्यातलं पाऊल दिसलं. माझं पाऊल पोचलं हो टीव्हीवर. बाकीची मी अजून घरीच आहे."

ती हसत होती. धाकटीला हसता येईना. तिने विचारले, "ताई, उद्या घरी आहेस?"

"मी कुठे जाणार? पण तुझा उद्याचा पाहुणा?"

"उद्याचा पाहुणा तूच. फोटो मोठा काढीन, आणि तुला मधोमध नाही बसवणार. अगदी कडेला बसवीन. पाऊलही दिसेल."

तेवढ्यात निर्माते आत आले. आधी रागावले, मग लोकांना ते पाऊल आवडले हे कळल्यावर जरा निवले. उद्याचे पाहुणे फार मोठे आहेत, पडदा इथून हलता कामा नये, असे बजावून गेले. तुम्ही आणि हा पडदा नसलात तर आपल्याकडे पाठीमागे चित्र दाखवणारा नवा विजेचा पडदाही आहेच, असेही दारातून सांगून गेले. धाकटीने ते ऐकून घेतले. मग तिने एकेक दिवा मालवला.

मित्रांनो, मी साधे कापड आहे. माझ्यासारखे कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला उन्हात टाकू नका, ओले ठेवू नका, आणि घडी तर घालूच नका. आपल्या माणसाला दिलेल्या शब्दाचेही तसेच असते, असे मला वाटते. तो घडी घालून फळीवर ठेवला की फाटत नाही, पण रेघ पडते. अधूनमधून उलगडून त्याला उजेड दाखवीत जा.

सकाळी खोलीत कुणी नव्हते. धाकटी आली, तिने मला नळीवरून उतरवले आणि हळूहळू गुंडाळले. कोपऱ्यातले पाऊल सगळ्यात बाहेरच्या फेरीवर राहील, असे गुंडाळले. मग त्यावर तळहात ठेवून तिने डोळे मिटले. कॅमेऱ्याची पिशवी एका खांद्याला, मी दुसऱ्या खांद्यावर.

फाटकाशी पहारेकऱ्याने विचारले, "बाई, पडदा कुठे निघाला?"

"पाहुण्यांकडे," ती म्हणाली.

"संध्याकाळच्या आत याल ना?"

ती हसून फाटकाबाहेर पडली. रस्त्यावर कोवळे ऊन होते. पुढे जाऊन तिने मला एकदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले, आणि ताईच्या घराच्या वळणाला लागली.