इंद्रलोकचं भाडं

आमच्या भाईंदर पूर्वेच्या स्टँडवर नंबर म्हणजे नंबर. पहिली रिक्षा भरल्याशिवाय दुसरीत कुणी बसायचं नाही. हा नियम मोडला म्हणून दाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकाची कॉलर धरली होती. आणि पाय अधू झाल्यावर, "आता माझी मिनल चालवणार, कोणाला काय प्रॉब्लेम आहे?" असं अख्ख्या स्टँडला दरडावलं होतं, तेही त्यांनीच. तेव्हा माझा ऊर भरून आला होता. वेडी मी!

परवा माझा नंबर पहिला होता. बघते तर दाजी येतायत, सोबत माझ्या भावाचे, रोहितचे, होणारे सासू-सासरे. फोटोत पाहिले होते मी. मला तर सांगितलं होतं, पाहुणे रविवारी येणार. परवा गुरुवार होता! तरी मी खुळ्यासारखी खूश. तोंडावरचा स्कार्फ खाली ओढून दाजींकडे बघून हसले. पाहुणे दुकानांच्या पाट्या वाचत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

दोघं थेट माझ्याच रिक्षात बसले. दाजी घुटमळले, मागच्या रिक्षाकडे बघितलं, पण नंबर माझा. शेवटी बसले आणि म्हणाले, "इंद्रलोक चलो. जल्दी."

हिंदीत. मला!

मी स्कार्फ परत नाकावर घेतला आणि रिक्षा काढली, इंद्रलोकला, आमच्याच वस्तीकडे.

"मिनल घरी असेल ना?" मागून सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो. बँकेत असते ती. सुट्टीच मिळत नाही."

इतकं सफाईदार, की आधी दहा जणांना सांगून झालेलं असणार. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण त्याहून जास्त संताप. तेवढ्यात एक बाईकवाला आडवा आला, सगळा राग त्याच्यावर काढला. "ए शहाण्या, रस्ता तुझ्या बापाचा आहे काय?"

"अगंबाई, मराठी आहेस होय!" सासूबाई खूश झाल्या.

आमच्या बिल्डिंगच्या एक गल्ली आधीच दाजी म्हणाले, "बस, यहीं रोको." वॉचमन मला नावाने हाक मारेल, ही भीती.

उतरताना सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान चालवतेस. कुणाची गं तू?"

मी दाजींकडे बघितलं. बोला ना. अजूनही बोललात, तर सगळं माफ करीन. ते चपलेकडे बघत राहिले.

"वडील नाहीत मला, मावशी," मी म्हटलं.

"अरेरे!" त्या म्हणाल्या. सासऱ्यांनीही मान हलवली.

आणि माझे दाजी, माझे सख्खे दाजी, त्यांच्यासोबत म्हणाले, "अरेरे."